डिजिटल कला शिकवताय की नुसती बटणं?

विद्यार्थ्यांना चित्रासाठी एआय वापरू द्यायचं की नाही, यावर आमच्या कलाशिक्षकांच्यात सध्या रोज जुंपते. एक म्हणतो हाताचं काम संपलं, दुसरा म्हणतो काळाबरोबर चला. मला दोघंही एकाच माळेचे मणी वाटतात. यंत्र खोलून आत बघायची हौस कुणालाच नाही.

आणि हे कोल्हापुरात! नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी जुना प्रोजेक्टर मिळवला आणि त्याची रचना समजून घेत सिनेमाच्या कॅमेऱ्याच्या मागं लागले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा घडवलाच. त्यावर काढलेला 'सैरंध्री' हा मूकपट १९२० साली पडद्यावर आला. आज त्यांच्याच गावात डिजिटल आर्ट म्हणजे फोटोशॉपचे शॉर्टकट पाठ करणं.

वर्गातल्या एका पोरानं एआयकडं तालमीतला पैलवान मागितला. आला तो जिममधला हिरो. पोटावर सिक्स पॅक, अंगाला तेलाची चकाकी, मागं कुठलातरी राजस्थानी वाटणारा महाल. कान एकदम शाबूत! आमच्या गंगावेस तालमीत कुठल्याही जुन्या पैलवानाचे कान बघा, कुस्तीत चेमटून गोळा झालेले असतात. माती घामानं पाठीला चिकटते, ती लाल पावडर टाकल्यासारखी दिसत नाही.

पोरगं म्हणालं, "सर, चुकलं." मी म्हटलं, चुकलं नाही, त्याला जे दाखवलं तेच त्यानं दिलं. स्टेबल डिफ्युजन या मजकुरावरून चित्र काढणाऱ्या एआयची सुरुवातीची मॉडेल्स लायन-५बी या संग्रहातल्या मुख्यतः इंग्रजी मथळ्यांच्या चित्रांवर शिकली. अख्ख्या संग्रहात ५८५ कोटी जोड्या आहेत, नेटवरची चित्रं आणि त्यांच्याशी जोडलेला मजकूर. त्यात कुणी चित्रकाराला विचारलं नव्हतं, आणि आपल्या तालमीचं वर्णन तिथं मराठीत कोण लिहायला बसलंय?

मग त्या पोराला वही घेऊन तालमीत बसवलं. त्याची स्केचेस आणि एआयचा हिरो शेजारी शेजारी लावले. वर्गात जी चर्चा झाली, ती मला सबंध टर्मभर सॉफ्टवेअर शिकवून जमली नसती.

हे करायला भारी लॅब लागत नाही. (लॅब मिळाली तर नको म्हणणार नाही, संस्थाचालक वाचत असतील तर बघा.) विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात चित्राखाली 'मिश्र माध्यम' लिहून भागवू नका. एआयचं मॉडेल कोणतं, त्याला मजकूर काय दिला, हातानं काय बदललं, सगळं लिहायला लावा.