कार्डाचं बिल चुकाऱ्यासाठी थांबत नाही

महिनाभरापासून आमच्या कॉलेजच्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: ‘अठरा पूर्ण झाले की लगेच क्रेडिट कार्ड काढा. उत्पन्नाचा पुरावा लागत नाही. दर महिन्याला किमान रक्कम भरत राहा, सिबिल आपोआप वाढतो. अडचण आली तर एटीएममधून रोख काढा, पन्नास दिवस व्याज नाही. सिबिल नसेल तर शैक्षणिक कर्ज मिळणार नाही.’ (सिबिल म्हणजे कर्ज आणि बिलं कशी फेडली याची नोंद आणि त्यावरून मिळणारे गुण, म्हणजे स्कोअर.)

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाणिज्य शिकवतो. सात-आठ पोरापोरींनी हा मेसेज दाखवून विचारलं, “सर, काढू काय?” मी कार्डाच्या विरोधात नाही. पण या मेसेजमुळे कोणाच्या तरी घरात नुकसान होणार हे मला दिसतं आहे, म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेतो.

आधी रोखीचं, कारण ते साफ खोटं आहे. बिनव्याजी मुदत फक्त खरेदीवर असते, तीही मागचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच. एटीएममधून काढलेल्या रोखीवर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. शुल्क वेगळं, साधारण अडीच टक्के, पण बऱ्याच बँकांत कमीत कमी ५०० रुपये. मेसच्या पैशासाठी २,००० काढले तर ५०० रुपये तिथेच गेले.

आता किमान रकमेचं, म्हणजे बिलातला निदान एवढा तरी भरा म्हणून बँक सांगते तो छोटा भाग. यात अर्धं खरं असल्यामुळे पोरं फसतात. किमान रक्कम भरली की थकबाकीचा शेरा लागत नाही, हे बरोबर. पण उरलेली रक्कम कार्डावर तशीच राहते, कार्डाच्या खर्चमर्यादेचा मोठा भाग वापरलेला दिसतो आणि त्यानं स्कोअर खालीच ओढला जातो. व्याजाचा हिशेब तर वहीवर मांडून बघा. १२,००० चा मोबाइल घेतला. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे ६००. त्यातले ४२० व्याजात गेले, व्याजावर १८ टक्के जीएसटीचे आणखी ७६. मुद्दल फिटलं १०४ रुपये. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

गावच्या सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर नवं-जुनं करताना, म्हणजे जुनं कर्ज फेडल्याचं दाखवून तेच नव्यानं घेताना, आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. किमान रक्कम भरणं म्हणजे दर महिन्याला नवं-जुनं. फरक व्याजाचा. वडिलांनी तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे त्यांना व्याज शून्य पडतं. त्याच घरात लेक ४२ टक्क्यांनी पैसे वापरणार? आणि या व्याजाला वरची मर्यादा असेल असं समजू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केली.

मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे एक तारखेला पगार येणारं घर आहे. आपल्याकडे पैसा सोयाबीन विकल्यावर येतो, मग कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, मग तूर. जून ते सप्टेंबर घरातून पैसा जातो, येत नाही. महाडीबीटीची शिष्यवृत्ती कधी खात्यात पडेल ते तुम्हालाही ठाऊक आहे. किराणावाला चुकाऱ्यापर्यंत थांबतो, कार्डाची तारीख दर महिन्याला येते. म्हणून दर महिन्याला हमखास हातात येणारा पैसा किती, एवढ्यावरच खर्च बेता. घरून दीड हजार येत असतील तर कार्डावर पाचशेचा रिचार्ज आणि एसटीचा पास, बस्स. बिल आलं की पूर्ण भरायचं. मुदतीनंतर तीन दिवसांपर्यंत विलंब शुल्क लावू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण त्यावर विसंबू नका.

उत्पन्नाचा पुरावा लागत नाही, हे एकाच अर्थानं खरं: मुदत ठेवीवर कार्ड मिळतं. दहा-वीस हजारांची ठेव तारण राहते, तिच्या ७५ ते ९० टक्क्यांच्या आसपास मर्यादा मिळते आणि ठेवीवर व्याज चालू राहतं. किती रकमेपासून देतात ते आपल्या शाखेत विचारा. विद्यार्थ्यासाठी पहिलं कार्ड हेच, असं माझं ठाम मत आहे. थकलं तर बँक ठेवीतून वळतं करते, वसुलीवाले घरी येत नाहीत. वडिलांच्या कार्डावर जोडकार्ड मात्र टाळा. त्याचा इतिहास सहसा तुमच्या नावावर जमत नाही, आणि तुम्ही चुकलात तर डाग वडिलांच्या नावावर लागतो. बसस्टँडवर टेबल मांडून ‘आधी प्रोसेसिंगचे पैसे द्या’ म्हणणाऱ्याला ओटीपी तर सोडाच, आधारची झेरॉक्सही देऊ नका.

शैक्षणिक कर्जाची भीती निराधार आहे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ कर्जाचा इतिहास नाही म्हणून नाकारू नये, हे २०२५ मध्ये सरकारनं संसदेतही सांगितलं. बँक पाहते ती सहकर्जदार पालकांची कर्जफेडीची नोंद.

ज्यांनी कार्ड घेऊन टाकलं आहे त्यांच्यासाठी. ३० दिवसांत सुरू केलं नसेल तर बँकेला ओटीपीनं तुमची संमती मागावी लागते; ती दिली नाही तर सात कामकाजी दिवसांत खातं बंद करावं लागतं, तेही फुकट. सुरू केलेलं बंद करायचं असेल तर बाकी शून्य करा आणि लेखी विनंती द्या. तिथेही सात कामकाजी दिवसांचीच मुदत. उशीर झाला तर बँकेनं तुम्हाला रोज ५०० रुपये द्यायचे, असा २०२२ चा नियम आहे. विनंतीची पोच जपून ठेवा. दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात ते खातं ‘बंद’ दिसत नसेल तर तो कागद घेऊन माझ्याकडे या, तक्रार आपण सोबत बसून लिहू.