‘घरी शिवलेल्या’ हॅलोविनची दंतकथा

दर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत एक मजकूर समाजमाध्यमांवर नव्याने फिरू लागतो आणि तिथल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतही येऊन पोहोचतो. त्याचा आशय असा: आजीआजोबांच्या काळी हॅलोविन (३१ ऑक्टोबरची रात्र, जेव्हा मुले सोंगे घेऊन घरोघरी खाऊ मागतात) हा मुलांचा निरागस सण होता, पोशाख घरी शिवले जात, मग बाजाराने तो गिळला, आणि पुढे अनोळखी माणसे खाऊत विष व ब्लेडची पाती घालू लागल्यामुळे मुलांचे एकटे हिंडणे बंद झाले. मुले पूर्वीइतकी एकटी हिंडत नाहीत, हे निरीक्षण खरे आहे. बाकीची विधाने तपासल्यावर टिकत नाहीत.

आधी निरागसपणा पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील हॅलोविन ही प्रामुख्याने वाढत्या वयाच्या मुलग्यांच्या खोड्यांची रात्र होती. कुंपणांची फाटके उचकटून पळवणे, खिडक्यांना साबण फासणे, कुणाची घोडागाडी छपरावर नेऊन ठेवणे, हे प्रकार इतके नित्याचे होते की मिनेसोटातील अनोका गावाने १९२० मध्ये पोरांना गुंतवून ठेवण्यासाठी चक्क मिरवणूक सुरू केली. होळीसाठी शेजाऱ्यांची लाकडे लांबवणारी पोरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या रात्रीची कल्पना सहज येईल. घरोघरी जाऊन खाऊ मागण्याची प्रथा तिथे रुजू लागली ती १९३०च्या दशकात, आणि तिला उत्तेजन देणाऱ्या मोठ्यांचा हिशेब सरळ होता: खाऊ द्यावा आणि नासधूस टाळावी. दुसऱ्या महायुद्धातील साखरेच्या रेशनिंगने तिला खीळ बसली. १९४७ मध्ये ते उठल्यावर ती देशभर पसरली. ज्याला आज ‘पारंपरिक’ म्हटले जाते, तो हॅलोविन मुख्यतः युद्धोत्तर पिढीच्या बालपणाचा आहे. त्या पिढीच्या आजोबांनी तो पाहिलेलाच नव्हता.

पोशाख अनेक घरांत शिवले जात, यात शंका नाही, पण बाजार मागाहून आला हे म्हणणे चुकीचे आहे. मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन कंपनीने १९०९ मध्येच हॅलोविनची सजावट आणि पोशाख यांच्या कल्पना देणारी पुस्तिका काढली, आणि त्या कल्पनांना लागणारा क्रेप कागद अर्थातच ती स्वतः विकत होती. तेव्हा आईच्या हातच्या पोशाखामागेही कधीकधी कंपनीचा नमुना असे. न्यूयॉर्कची बेन कूपर कंपनी १९३७ मध्ये स्थापन झाली आणि पुढची काही दशके तिचे स्वस्त, खोक्यातून मिळणारे पोशाख अमेरिकी मुलांच्या अंगावर दिसत राहिले: प्लॅस्टिकचा पातळ मुखवटा आणि मागून बांधायचा झगा. गंमत म्हणजे झग्याच्या छातीवर बहुधा त्याच पात्राचे चित्र किंवा नाव छापलेले असे, त्यामुळे स्पायडरमॅन झालेले मूल स्पायडरमॅनची जाहिरातही करत फिरे. विकतच्या पोशाखांबद्दल आज हळहळणारे कित्येक आजोबा स्वतः हेच खोके घेऊन मोठे झाले आहेत.

घरगुती पोशाखांची आठवण काढताना आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. चादरीचे भूत त्या पोशाखांत होते, तसे भटका भिकारी, ‘जिप्सी’ आणि ‘रेड इंडियन’ही होते, आणि तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणारी मुलेही होती. अशा सोंगांना आता अनेक शाळा मनाई करतात. हा बदल खरा आहे आणि मला तो ऱ्हास वाटत नाही.

खर्च वाढला, हे मान्य. तिथल्या राष्ट्रीय किरकोळ व्यापारी संघटनेने २०२३ साठी १२.२ अब्ज डॉलरचा अंदाज दिला होता. मात्र त्यात मोठ्यांचे पोशाख, घरांची सजावट आणि कुत्र्यामांजरांचे पोशाखही धरलेले असतात.

विषाची गोष्ट सर्वांत चिवट आहे. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्यांचा मागोवा घेतला असता, अनोळखी व्यक्तीने घरोघरी वाटलेल्या खाऊतील विषाने मूल दगावल्याचा एकही सिद्ध दाखला त्यांना सापडला नाही. पाती आणि टाचण्यांच्या बऱ्याच तक्रारी मुलांनीच रचलेल्या निघाल्या. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये सायनाइडने एक मुलगा खरोखर मेला, पण त्याला ते विष विम्याच्या पैशांसाठी सख्ख्या बापाने दिले होते. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळून सात जणांचा बळी घेण्यात आला. त्याचा हॅलोविनशी संबंध नव्हता, तरी ती घटना सणाच्या महिनाभर आधी घडली आणि भीतीला बळ मिळाले. घरी केलेले लाडूसारखे पॉपकॉर्नचे गोळे आणि बिस्किटे आधीच मागे पडत होती, ती आता संशयास्पद ठरली आणि वेष्टनबंद खाऊच तेवढा सुरक्षित मानला जाऊ लागला.

खरा धोका रस्त्यावर आहे. १९७५ ते २०१६ या काळातील अमेरिकी अपघातांच्या अभ्यासात, हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आसपासच्या आठवड्यांतील तशाच संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांमध्ये ही वाढ सर्वाधिक होती. तेव्हा मुलाबरोबर निघणाऱ्या पालकांनी चॉकलेटची वेष्टने निरखण्यात वेळ घालवण्याऐवजी मुखवट्यातून त्याला बाजूचे दिसते का ते पाहावे, काळ्या झग्यावर चकाकणारी पट्टी लावावी, आणि त्या रात्री स्वतःची मोटार शक्यतो घरीच ठेवावी.