विषाणूची चित्रं ‘बनावट’ नाहीत

एक मजकूर पुन्हा फिरतोय. त्यातले दावे चार: विषाणू आजवर कुणी वेगळा काढलेलाच नाही, त्याची चित्रं कॉम्प्युटरवर बनवलेली असतात, मायक्रोस्कोपखाली दिसतो तो मेलेल्या पेशींचा कचरा, आणि विषाणू पेशीला पकडून आत शिरतो ही निव्वळ कल्पना. विषाणूंच्या प्रथिनांची रचना शोधणं हे माझं रोजचं काम. वाचून गप्प बसवेना, म्हणून एकेक दावा घेते.

‘वेगळा काढलेला नाही.’ १९३५ साली वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या रोगट पानांच्या रसातून मोझॅक विषाणू स्फटिकरूपात वेगळा काढला. १९५५ मध्ये फ्रँकेल-कॉनरॅट आणि विल्यम्स यांनी याच विषाणूचं प्रथिन आणि आरएनए सुटं केलं, पुन्हा एकत्र मिसळलं. कांडीसारखे कण आपोआप जुळले आणि त्यांनी पानांना रोगही दिला.

‘चित्रं बनावट.’ यात एक गोष्ट खरी आहे: रंग. लाल काटे, राखाडी गोळा ही चित्रकाराची निवड असते. बरेचसे विषाणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान, त्यांना रंग कुठून असणार? पण आकार कुणी ठरवत नाही. तीन मिलिमीटरची जाळी चिमट्यात धरायची, तिच्यावर नमुन्याचा थेंब सोडायचा, टिपकागदाने जादाचं पाणी टिपायचं आणि लगेच अतिथंड द्रव इथेनमध्ये बुडवायची. पाणी इतकं झटकन गोठतं की बर्फाचे स्फटिक बनायलाही वेळ मिळत नाही. ते काचेसारखं होतं. मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या पडद्यावर दिसतं ते मुळीच देखणं नसतं. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसली खरखर, तिच्यात अंधुक ठिपके, म्हणजे विषाणूचे किंवा त्याच्या प्रथिनाचे सुटे कण. असे हजारो, कधी लाखो ठिपके एकमेकांवर जुळवून सरासरी काढली की प्रथिनाची घडी उलगडत जाते.

खरखरीतून आपल्याला हवं तेच चित्र निघू शकतं, हा धोका आम्हालाही पक्का ठाऊक आहे. म्हणूनच सगळे ठिपके दोन गटांत वाटतात, दोन्हींवर स्वतंत्र गणित होतं, आणि दोन्ही उत्तरं जितक्या बारकाव्यापर्यंत जुळतील तितकाच बारकावा खरा धरतात. कच्च्या प्रतिमांचा ‘एम्पायर’ नावाचा खुला संग्रह आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी त्या उतरवून घ्याव्यात आणि स्वतः गणित करावं.

‘पेशींचा कचरा.’ पेशींतून सुटलेले बुडबुडे नुसत्या नजरेला कधी कधी विषाणूसारखे दिसतात, हे मान्य. पण २००२ साली संशोधकांनी पोलिओ विषाणूची नोंदलेली जनुकीय अक्षरं घेऊन, तेवढ्यावरून रसायनांपासून डीएनए जोडला. त्यापासून बनलेल्या विषाणूने उंदरांना लकवा आणला. कचऱ्याची अक्षरं जुळवून रोग उभा राहत नाही.

उरला चौथा दावा, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच. फ्लूच्या विषाणूवर बाहेर आलेल्या काट्याची, म्हणजे हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाची, रचना १९८१ मध्ये कळली. एक कोडं मात्र होतं: पेशीच्या पटलात घुसणारं त्याचं टोक आतच दडलेलं. पेशी विषाणूला पिशवीत गिळते आणि ती पिशवी आम्लधर्मी होत जाते. १९९४ मध्ये आम्लातली रचना हाती आली तेव्हा दिसलं की अख्खं प्रथिन उलगडून नव्याने वळतं आणि ते टोक सुमारे १० नॅनोमीटर लांब फेकलं जातं. कोरोनाच्या काट्यातही असाच झटका असतो. तिथे प्रथिनाच्या साखळीतल्या ९८६ आणि ९८७ या जागांवर प्रोलीन हे अमिनो आम्ल बसवलं की काटा मूळ आकारात टिकून राहतो. फायझर आणि मॉडर्नाच्या लशींत हाच बदल आहे. रचना काल्पनिक असती तर नेमक्या कोणत्या जागा बदलायच्या, हे कुणाला कळलं असतं?

पेशीच्या बाजूनेही पुरावा आहे. वारंवार संपर्क येऊनही काही जणांना एचआयव्हीची लागण होत नव्हती. १९९६ मध्ये कारण सापडलं: त्यांच्या सीसीआर५ जनुकाच्या दोन्ही प्रतींतून ३२ अक्षरं गळलेली होती, त्यामुळे विषाणू ज्याला धरून आत शिरतो ते प्रथिनच पेशीवर नव्हतं. मॅराव्हिरॉक हे एचआयव्हीवरचं औषध त्याच प्रथिनाला चिकटतं. कुठे आणि कसं, तेही २०१३ पासून अणूंच्या पातळीवर दिसलेलं आहे. काही एचआयव्ही मात्र सीसीआर५ सोडून सीएक्ससीआर४ हे पेशीवरचं दुसरं प्रथिन धरतात आणि त्यांच्यावर हे औषध चालत नाही. म्हणून ते सुरू करण्याआधी रुग्णाच्या अंगातला विषाणू या दोन्हींपैकी काय धरतो, याची चाचणी करावी लागते.