ट्रिपचा शेवटचा दिवस गरम पाण्याच्या कुंडाला द्या, मनापासून सांगतेय

सुट्ट्या लागल्या की आपलं अर्धं नाशिक कोकणात उतरतं. मालवण, गुहागर, गणपतीपुळे, दापोली, सगळं छान होतं, पण परतीचा दिवस बघा लोकांचा. पहाटे चेकआऊट, मग "एवढं आलोच आहोत तर" म्हणून वाटेत अजून एक किल्ला, अजून एक बीच, जेवण हायवेला कुठेतरी उभ्या उभ्या, पोरं मागच्या सीटवर रडतायत, आणि मध्यरात्री कसारा घाट चढून घरी, सकाळी परत ऑफिस. मग आठवडाभर सांगत फिरायचं की ट्रिपने दमलो. अहो ट्रिपने नाही दमलात, त्या शेवटच्या दिवसाने दमवलंय तुम्हाला.

माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या ट्रिपचा शेवटचा दिवस बघण्यासाठी नसतोच, तो अंग सोडण्यासाठी असतो, आणि त्यासाठी गरम पाण्याच्या कुंडासारखी दुसरी जागा नाही. आमच्या घरी आता हे ठरूनच गेलंय. खालून येताना मुंबईच्या बाजूने आलो की भिवंडीच्या पुढे आत वळायचं, अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी. तानसा नदीच्या काठाने हे सगळे झरे आहेत, काही तर नदीच्या पात्रातच, पावसाळ्यात पाण्याखाली जातात. गणेशपुरीला भीमेश्वराच्या देवळाजवळ कुंडं आहेत. वज्रेश्वरीचं देऊळ टेकडीवर किल्ल्यासारखं बांधलेलं, वसईच्या मोहिमेच्या वेळी चिमाजीअप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ साली वसई घेतल्यावर तो फेडला, त्यातलं हे देऊळ. पायऱ्या चढायची ताकद उरली असेल तर दर्शन घ्या, नाहीतर खालूनच हात जोडा, देवीला कळतं.

मागच्या वेळी सासूबाई बरोबर होत्या. इतके दिवस गाडीत बसून पाय सुजलेले, गुडघे आखडलेले, बोलत काही नव्हत्या पण उतरताना दाराला धरून उभ्या राहायच्या ते दिसत होतं. कुंडाच्या पायरीवर साडी गुडघ्यापर्यंत खोचून बसल्या आणि पाय घातल्या घातल्या बाहेर काढले, "अगंबाई, चटका बसतोय!" शेजारी तिथल्याच गावातल्या एक आजी होत्या, त्या म्हणाल्या, "घाई नका करू बाई, आधी नुसती बोटं बुडवा, मग घोटे, पाण्याला ओळख होऊ द्या." आणि खरंच पाचेक मिनिटांत सासूबाई पोटऱ्यांपर्यंत पाण्यात. पाय लालबुंद झालेले, पाण्याला तो गंधकाचा वास, पायरीच्या कडेला हिरवं बुळबुळीत शेवाळ, आणि ह्या दोघी आपल्या सुनांबद्दल गप्पा मारतायत, मी मागे बसलेय ह्याचं भानच नाही. मोबाईल कुणाच्याच हातात नाही. अख्ख्या ट्रिपमध्ये एवढा वेळ आम्ही एका जागी बसलोच नव्हतो.

पोरांना वाटतं खाली ज्वालामुखी आहे. नाहीये. पावसाचं पाणी जमिनीतल्या भेगांमधून खूप खोल जातं, खाली जावं तसा खडक तापत जातो, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश, आणि ते तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. म्हणजे आपण ज्यात पाय घालून बसतो ते कधीकाळी पडलेलं पावसाचंच पाणी आहे, मला हे फार भारी वाटतं. ठाणे जिल्ह्यापासून खाली राजापूरपर्यंत सगळ्या कोकणात असे झरे एका ओळीत आहेत. म्हणून तुम्ही कुठूनही परत या, वाटेत एक सापडतोच. मुंबई-गोवा हायवेने येताना संगमेश्वरजवळ तुरळ आणि राजवाडी, महाडजवळ सव, पालीला बल्लाळेश्वराला जाणार असाल तर जवळच उन्हेरे. दापोलीकडे उन्हवरे आहे, पण तिथे मूळ झऱ्याचं पाणी ७० अंशांच्या आसपास असतं, लहान मुलांचा हात सोडू नका. आणि खानदेशात गेला असाल तर चोपड्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला उनपदेव.

आता महत्त्वाचं. दहा-पंधरा मिनिटं बसा, बाहेर या, पाणी प्या, वाटलं तर परत जा. तासभर डुंबलात तर चक्कर येते. बीपी, हृदयाचा त्रास, गरोदरपण असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय आत उतरू नका, नुसते पाय सोडून बसणं सुद्धा पुष्कळ आहे. आणि अंघोळ झाल्या झाल्या स्टिअरिंगवर बसायचं नाही म्हणजे नाही. गरम पाण्यातून निघाल्यावर अंग इतकं सैल पडतं की झोप येतेच, आणि पुढे कसारा आहे. जेवा, सावलीत आडवे व्हा, मग निघा. मी तर म्हणेन शक्य असेल तर तिथेच मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरामात अंबाडीवरून हायवेला लागा, दुपारच्या जेवणाला घरी.

एका गोष्टीचा मात्र प्रचंड राग येतो. एका कुंडावर, नाव नाही घेत, आमच्यासमोर एक माणूस डोक्याला शाम्पू चोळून तसाच पाण्यात उतरला. पुड्या तिथेच कडेला टाकलेल्या, तशा आधीच्याही पडलेल्या. अरे त्याच पाण्यात तुझ्यामागून कुणाची तरी आजी बसणार आहे! जपानमध्ये लोक बाहेर साबण लावून स्वच्छ धुऊन मगच गरम कुंडात उतरतात, आणि आपण कुंडालाच बाथरूम करतो. त्याच कुंडावर बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी नव्हती, मी आणि नणंद आळीपाळीने दार धरून उभ्या होतो. एक कडी! कितीशी येते ती? असंच चालू राहिलं तर घरातले पुरुष पाण्यात आणि बायका काठावर बॅगा सांभाळत, हेच होणार, आणि ट्रिपभर सगळ्यांचं खाणंपिणं, कपडे, औषधं बघून जी सगळ्यात जास्त दमलेली असते तीच कोरडी घरी येणार.

म्हणून ह्या डिसेंबरला जे ग्रुप निघतायत त्यांना एवढंच सांगणं आहे, रविवार टाळा, साबण-शाम्पू गाडीतच ठेवा, आणि बॅगा पुरुषांकडे देऊन बायकांना आधी पाण्यात जाऊ द्या.