‘सरच गोंधळलेले’ म्हणून एक तारा देणाऱ्या विद्यार्थ्यास

नमस्कार. तुमचा अभिप्राय काल रात्री क्लास बंद करताना वाचला. नेट परीक्षेच्या लाइफ सायन्सच्या रविवारच्या जादा तासाला लाइट गेली, तास पाऊण तास उशिरा सुरू झाला, आणि पुढे तुमचेच शब्द: ‘सरच गोंधळलेले. आधी म्हणे मिथाइलने आरएनएची जोडी घट्ट होते, मग म्हणे सैल होते, शेवटी परत घट्ट. साडेतीन हजार पाण्यात.’

लाइटबद्दल आणि उशिराबद्दल माफी मागतो. मे महिन्यात जळगावात पत्र्याखाली बसणं काय असतं ते मलाही ठाऊक आहे. इन्व्हर्टरचं बघतोय. उशीर मात्र भुसावळकडच्या मुलांची गाडी लेट होती म्हणून केला, आणि त्या गाडीत तुम्हीही होता. असो.

‘गोंधळलेले’ हा शब्द मात्र लागला. बारा वर्षं हेच शिकवतोय. ती तिन्ही वाक्यं मी बोललो आणि तिन्ही बरोबर आहेत. मिथाइल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा छोटा गट; तो कुठे बसलाय, त्यावर सगळं आहे. आरएनएच्या धाग्यात प्रत्येक कडीला एक साखर (रायबोज) आणि एक बेस असतो, आणि समोरासमोरचे बेस जुळले की जोडी होते.

पहिलं वाक्य साखरेचं होतं. आरएनएचे दोन धागे एकमेकांभोवती वळतात तेव्हा ए-रूपाचा पीळ तयार होतो आणि त्यासाठी रायबोजचं कडं एका ठरावीक बाजूला मुडपलेलं लागतं. फळ्यावर मी ‘सी-३-एंडो’ लिहिलं होतं ते हेच. साखरेच्या २ नंबरच्या ऑक्सिजनवर मिथाइल आला की कडं त्याच मुडपीत राहायला बघतं, म्हणून जोडी घट्ट. त्या जागी फ्लोरिन आलं तरी तेच. एलएनए म्हणजे साखर कुलूपबंद केलेलं न्यूक्लिक आम्ल; त्यात तर २ नंबरचा ऑक्सिजन ४ नंबरच्या कार्बनला पूल टाकून बांधतात, साखर हलूच शकत नाही. एलएनएचा असा एक बदल केला तरी जोडी वितळायचं तापमान २ ते ८ अंशांनी चढू शकतं.

दुसरं वाक्य बेसचं. एम-सिक्स-ए म्हणजे मिथाइल लागलेला अ‍ॅडेनीन हा बेस. त्यात मिथाइल अ‍ॅडेनीनच्या ६ नंबरच्या जागेवरच्या नायट्रोजनवर असतो, आणि मोकळा असताना जोडी जुळायच्या तोंडाशीच बसतो. जोडीदार बेस युरॅसिल समोर आला की त्याला फिरून पलीकडे व्हावं लागतं. त्या फिरण्याची किंमत पडते, मोलमागे साधारण ०.५ ते १.७ किलोकॅलरी. जोडी जुळतेच, पण सैल. तिसरं वाक्य: हाच एम-सिक्स-ए धाग्याच्या टोकाला जोडीदाराविना असेल, तर फिरायचं कामच नाही. तो शेजारच्या जोडीवर पालथा घातल्यासारखा नीट बसतो आणि पीळ उलट पक्का करतो.

बोलायचं नव्हतं, पण ‘साखर’ हा शब्द मी फळ्यावर अधोरेखित केला तेव्हा तुम्ही फोन घेऊन जिन्यात होता. परत आलात तेव्हा एम-सिक्स-ए चालू होतं.

‘परीक्षेत नसलेलं शिकवतात’ असंही लिहिलंय. न्यूक्लिक आम्लांची रचना आणि स्थैर्य हे अभ्यासक्रमाच्या पहिल्याच घटकात आहे, उघडून बघा. २०२३ चं वैद्यकाचं नोबेल बदललेल्या न्यूक्लिओसाइडच्या (साखर आणि बेस मिळून होणाऱ्या घटकाच्या) कामालाच मिळालं. २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं पॅटिसिरान, एसआयआरएनएचं (ठरावीक जनुक गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएचं) पहिलं औषध, त्यातही साखरेवरचा मिथाइल आहे. अशा विषयावर प्रश्न येणारच नाही, असं समजून मी शिकवायचं का? डायहायड्रोयुरिडीन या बदललेल्या घटकात बेसचं कडं सपाट न राहिल्याने जोडी कशी ढिली पडते, हे तर त्या दिवशी राहूनच गेलं. तो तास अजून तुमचा माझ्याकडे बाकी आहे.

साडेतीन हजार पूर्ण बॅचचे आहेत, झेरॉक्स धरून. या एका ताऱ्याने परवापासून दोन पालकांनी फोन करून ‘सर, खरं का हे?’ विचारलं. जूनची बॅच भरायची आहे हो. नोट्समध्ये साखर वेगळी आणि बेस वेगळा, अशी आकृती टाकतो; जमलं तर या आठवड्यातच.

फी परत हवी असेल तर संध्याकाळी सहानंतर या, मी असतो. येताना त्या दिवसाची वही तेवढी आणा.