तुमचं मत कळवा, आमचं ठरलंय

लोकल प्रवाशांची संघटना चालवायची तर वर्षातून एकदा सभासदांना विचारावं लागतंच, की बाबांनो, पुढच्या वर्षी कशासाठी भांडू? परवा आमच्या संघटनेचा असाच फॉर्म मोबाईलवर आला. ही कला पार कर्जत-कसाऱ्यापर्यंत पोचायला हवी, म्हणून होतकरू पदाधिकाऱ्यांसाठी थोडं मार्गदर्शन.

आधी निवेदन छापून घ्या, मतं मग मागवा.

फॉर्म सकाळी साडेआठला पाठवा. सभासदाचा एक हात कडीला आणि दुसरा कुणाच्या तरी सॅकखाली अडकलेला असतो. उत्तरं आटोपशीर येतात.

सर्वसाधारण सभा रविवारी, दादरला, मेगाब्लॉकच्या वेळेत.

महिलांच्या प्रश्नांची बैठक मात्र कामाच्या दिवशी, संध्याकाळी सातला. ज्यांना प्रश्न आहेत त्या तेव्हा ठाण्याच्या पुढे लेडीज डब्याच्या दारात उभ्या असतात, त्यामुळे बैठक खेळीमेळीत पार पडते.

खरं कसब पर्यायांत. आमच्या फॉर्मवर होतं, 'आपली प्राधान्याची मागणी कोणती?' स्टेशनचं सुशोभीकरण, सेल्फी पॉइंट, आणखी एसी लोकल, वरील सर्व. खाली 'इतर'चा एवढासा रकाना. मी लिहायला घेतलं, की ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, नव्या फेऱ्या आल्या त्या बहुतेक एसी, साध्या डब्यातला माणूस होता तिथेच लटक... अक्षरं संपली.

बरं, एसीबद्दल लोकांचं मत अजून कळायचं राहिलंय का? ऑगस्ट २०२२ मध्ये कळव्याचे आणि बदलापूरचे प्रवासी रस्त्यावर नाही, थेट रेल्वेच्या हद्दीत उतरले होते. मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्यांनी कुठला फॉर्म भरला होता? आणि ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून गेल्या, दारात लटकलेली माणसं खाली पडली, मेली. आपल्याच लाइनवरची, आपल्यासारखीच डबा-पाण्याची बाटली घेऊन निघालेली. त्यानंतर तुम्ही आम्हाला विचारता, सेल्फी पॉइंट हवा का? कुणाचा सेल्फी काढायचाय?

असो. मार्गदर्शन चालू आहे.

निकाल नेहमी टक्क्यांत सांगा. 'ऐंशी टक्के सभासदांचा कौल' म्हटलं की पाचातले चार होते का, असं कुणी विचारत नाही.

मग पुष्पगुच्छ, डीआरएम, म्हणजे रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापक साहेबांसोबत फोटो, आणि 'साहेबांनी सकारात्मक प्रतिसाद दिला' हा मेसेज. तो जुनाच फॉरवर्ड केला तरी चालतो.

नाही, पुरे झालं. सरळच बोलते. अध्यक्ष महाशय, तुम्ही लोकलने शेवटचे कधी गेलात? रेल्वेच्या सल्लागार समितीवर तुम्हाला बसवलंय ते आमच्या नावावर. पीक अवरला दिवा स्टेशनात उभे राहा आणि किती जणांना गाडीत चढताच येत नाही ते मोजा. लेडीज डब्यात कोण कुठून उभी येते, ते तिथल्या बायकांना विचारा. रात्रीच्या शेवटच्या कर्जतने घरी जाणाऱ्या पोरांना विचारा. एक वही पुरते त्याला. तेवढंही होत नसेल तर पद सोडा, घ्यायला माणसं आहेत. आणि ते छापून ठेवलेलं निवेदन साहेबांकडे नेणारच असाल, तर 'समस्त सभासद' हे शब्द त्यातून आधी खोडा. माझी त्यावर सही नाही.