एका वर्षाच्या तक्त्यावरून पिढी स्वार्थी ठरत नाही

तरुणांच्या दानाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की मी तरुणांची उगाच बाजू घेतो, साठीच्या पुढचे लोक तिशीतल्यांपेक्षा जास्त दान करतात हे वयोगटांनुसार दानाच्या तक्त्यात स्वच्छ दिसतंय, म्हणजे नवी पिढी स्वार्थी.

पण तो तक्ता एकाच वर्षाचा आहे हो. त्यातला साठीचा माणूस स्वतः तिशीत असताना किती देत होता, हे त्यात कुठेय? आज त्याचं कर्ज फिटलंय, मुलं मार्गी लागलीत, आणि तिशीतल्याच्या मागे हप्ते आहेत, पोरं लहान आहेत. हा झाला वयाचा फरक. पिढीचा, म्हणजे जन्मसालाचा, फरक वेगळा, आणि मंदी-महागाईसारखं त्या त्या साली सगळ्यांवरच येतं ते तिसरं. आता गोची अशी की पाहणीच्या सालातून जन्मसाल वजा केलं की वय येतं, म्हणजे दोन गोष्टी धरल्या की तिसरी आपोआप ठरतेच, त्यामुळे नुसत्या आकडेमोडीने ही तिन्ही सुटी होत नाहीत.

अमेरिकेत १९६८ पासून त्याच कुटुंबांना आणि त्यांच्या मुलाबाळांच्या कुटुंबांना विचारत राहणारी एक पाहणी चालू आहे, त्यात २००१ पासून आदल्या वर्षीच्या दानाचे प्रश्नही आले. २००० साली तिथली साधारण ६६ टक्के कुटुंबं संस्थांना काही ना काही देत होती, २०१८ ला ४९.६ टक्के. याच काळात तिथलं मध्यम वय (निम्मे लोक ज्याहून लहान आणि निम्मे मोठे, ते वय) ३५ वरून ३८ वर गेलं. वय वाढलं की दान वाढतं एवढंच खरं असतं तर आकडा चढायला हवा होता ना? तो उतरला. मध्ये २००८ ची मंदी येऊन गेली, ते सगळ्याच वयांना लागलं. आणि एकूण दानाची रक्कम मात्र वाढली, म्हणजे देणारे कमी झाले पण जे देतात ते जास्त देतात. याचं खापर एका पिढीवर कसं फोडणार?

आणखी एक. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका २४ वर्षांच्या मुलीने मैत्रिणीच्या वडिलांच्या ऑपरेशनसाठी माझ्यासमोर फोनवरून पैसे पाठवले, महिनाअखेर होती, पाठवायच्या आधी बॅलन्स दोनदा बघितला तिने. उद्या तिला कुणी विचारलं की यंदा कुठल्या संस्थेला दान केलंस का, तर ती नाही म्हणेल आणि ते खरंच असेल. तिला न देणाऱ्यांत मोजलं की मला फार वाईट वाटतं.

तुमचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. ‘तरुण कमी देत नाहीत’ असं मी सरसकट लिहिलं होतं, किती जण देतात आणि किती रुपये देतात याची सरमिसळ केली. रकमेत ते मागेच आहेत. ते वाक्य आज बदललंय.